आईनं मागितलेलं ऊन

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. त्या वर्षी तो डोंगरात, बर्फातल्या चौकीवर होता आणि आम्ही मायलेकी इथं मुकुंदवाडीत. आईचं एकच पालुपद, पोरगं गारठत असेल. आमच्याकडं माघातच दुपारी पंखा लागतो. बर्फ तिनं फक्त रसवंतीत पाहिलेला.

रथसप्तमीला तिनं गच्चीवर गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलं. दूध उतू जायला लागलं तसे हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "सूर्यनारायणा, इथं लई झालं तुझं. माझ्या लेकाकडं जा." मी हसले. शेजारीणही हसली.

चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. आठवडाभर बर्फ पडत होता, आता कडक ऊन पडलंय म्हणाला. आईला काय आनंद! "बघ, ऐकलं का नाय देवानं!" तो नुसता व्हय व्हय करत राहिला. मग म्हणाला, ताईला दे.

"ताई, आईला सांगू नको," तो हळू आवाजात म्हणाला. "थंडीत बर्फ जागेवर राहतो गं. ऊन लागलं की सुटतो. काल समोरचा अख्खा उतार खाली आला. उद्या आम्हाला वरच्या चौकीवर रेशन न्यायचंय. उजाडायच्या आत पार झालो तर ठीक."

"मग नको ना जाऊ, मेल्या!"

"असं असतं व्हय," म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढं तीन दिवस फोन नाही. मी दिवसभर फोन हातात धरून बसायची. आणि आई? रोज सकाळी गच्चीवर जाऊन सूर्याला पाणी घालायची, वर "आज पण जा रे बाबा तिकडं" हे आहेच. तिसऱ्या दिवशी माझं टाळकं सरकलं. तिच्या हातातला तांब्या हिसकावला आणि सगळं बोलून बसले. "उन्हानंच मरतात तिथं माणसं! कळतंय का तुला?"

नव्हतं बोलायला पाहिजे. ती तिथंच खाली बसली, भिंतीकडं तोंड करून. महामुश्किलीनं घरात आणली तर तिनं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. दिवसभर जेवली नाही.

संध्याकाळी फोन वाजला. तोच होता. आवाज पार बसलेला. निघायला उशीर झाला, ऊन वर आलं, उतार सुटला. तो मागं होता म्हणून वाचला. पुढचे दोघे सापडले, पण जिवंत नाही. मी रडत "देवा, देवा" करत सुटले. त्या दोघांचं मला त्या घडीला काहीसुद्धा वाटलं नाही, खरं सांगते. माझा भाऊ बोलत होता, बस.

"दोघं गेले, आपला वाचला," म्हणत फोन आईला दिला. मला वाटलं विचारेल, लागलं का, जेवलास का. तिनं तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

मग म्हणाली, "बाळा, त्या दोघांना आई हाय का रे?"