बाबलीने लपवलेली झर

म्हापशाहून बसने अर्ध्या तासावर, डिचोलीच्या बाजूला दोन टेकड्यांमध्ये ती दरी आहे. वर काजू, तळाला बाबलीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आणि मध्ये खडकातून बारा महिने वाहणारी झर. तिच्यावरच त्याच्या पोफळी उभ्या होत्या.

परक्या माणसावर बाबलीचा विश्वास नव्हता. दोन वर्षांमागे एकजण पक्ष्यांचे फोटो काढायला म्हणून आला आणि सहा महिन्यांत समोरच्या टेकडीला कुंपण पडलं. त्यामुळे मे महिन्यात एक मुलगी फोन समोर धरून उतरताना दिसली, तेव्हा त्याने घाईने झरीवर सुकी झावळं टाकली आणि पाणी पलीकडच्या पाटात वळवलं.

मुलगी म्हणाली, "मी सेजल. पंचायतीसाठी पाण्याचा नकाशा करतेय."

बाबलीने तिच्या चपला पाहिल्या. नव्या होत्या.

"हंय पाणी खंयचां, बाये? पावसात येतां, मागीर सुकतां."

ती गेल्यावर बायको सुमंगला म्हणाली, "त्या चेडवाक पाणी तरी विचारलंत?"

"दिलां असतां तर खंयचां म्हणान विचारल्यान असतां!"

जूनच्या ग्रामसभेत पंच शिवदासने सेजलचा नकाशा भिंतीवर लावला; ती बाजूलाच उभी होती. दरी कोरी होती. "बारमाही पाणी नाही," त्याने वाचलं, "म्हणून इथे बंगल्यांना हरकत नाही."

 बाबली उभा राहिला. "मी त्या चेडवाक फसवलंय. झर असा."

"तेव्हा नव्हती, आज उगवली?" मागून गावातला दत्ताराम ओरडला. सभा हसली.

"झरीचं काय ते तिथेच जाऊन बघू," शिवदास म्हणाला.

निम्मी सभा दरीत उतरली. बाबलीने झावळं ओढली. खडकाच्या भेगेतून येणारं पाणी दिसलं.

"पावसाचं असेल," दत्ताराम म्हणाला.

"पाऊस अजून खंय पडलो?" बाबली उसळला. "आणि ही शेवाळं? एका दिवसात येतत?"

शिवदासने खडकाला हात लावला. जाड, जुनं शेवाळ होतं. दत्तारामने पाण्यात हात बुडवला आणि मान डोलावली.

सेजलने फोन काढला आणि तिथेच नकाशात खूण केली. बाबली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"ही कोणाक पुसूक येता काय?"

"येते, आजोबा."

"मग आधी कागदार काढ," तो म्हणाला. "आणि खाली ह्या सगळ्यांच्यो सह्यो घे. दत्तारामाची पयली."