न केलेला फोन

आमच्या कोपरीच्या इमारतीत न विचारता सल्ला न देणारा माणूस एकच होता, आणि तो विचारल्यावरही द्यायचा नाही. शेजारचे कमांडर काका. नौदलात युद्धनौका चालवलेला माणूस, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून प्रकरण हातघाईवर आलं तरी हे गप्प. फारच गळ घातली तर म्हणायचे, "टाकीवर कोण चढणार आहे? त्याला विचारा."

एकदा लिफ्ट अडकली. आत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, बाहेर मेकॅनिक, त्याच्यामागे सात-आठ पुरुष, आणि कल्याणहून फोनवर ओरडणारे चेअरमन, "अरे, आधी मेन बंद कर!" काकांनी फोन घेतला आणि कट केला. "पाना त्याच्या हातात आहे. बाकीच्यांनी घरी जा." चेअरमन महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

माझा धाकटा भाऊ नितीन मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. त्या जहाजावर चाचे चढले. खलाशांनी इंजिनजवळच्या पोलादी खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. आपली युद्धनौका जवळ पोचली, पण कमांडो जहाजावर चढेनात. कंपनीच्या माणसाने फोनवर कारण सांगितलं: जहाजावरचा कुक त्या खोलीत पोचलेला नव्हता. एकजण जरी बाहेर राहिला तरी गोळीबारात पहिला तोच जातो. चढायची परवानगी दिल्लीहून आली होती. कधी चढायचं ते युद्धनौकेच्या कॅप्टनने ठरवायचं होतं. आणि तो कॅप्टन काकांच्या हाताखाली शिकलेला.

आईने काकांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "साहेब, एक फोन करा हो. त्याला म्हणावं, चढा आता."

"फोन केला तर तो उचलेल. माझं ऐकेलही," काका म्हणाले. "म्हणूनच नाही करणार. मला इथून ते जहाज दिसत नाही."

मी म्हटलं, "तिथे तुमचा मुलगा असता तर?"

"तर माझा फोन कुणीतरी काढून घ्यायला हवा होता."

मग ते घरीही गेले नाहीत. आईसमोर बसून वाटाणे सोलत राहिले. धीर वगैरे दिला नाही. आई रडायला लागली की हात थांबायचे, रडणं ओसरलं की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी चाच्यांनी खोलीच्या दाराशी आग पेटवली. तरी कॅप्टन थांबला. दुपारी शिध्याच्या खोलीच्या काचेतून टॉर्च हलला. कुक तिथे लपला होता. तो नेमका कुठे आहे ते कळल्यावर कमांडो चढले आणि सगळे सुटले. नितीनची फुप्फुसं मात्र धुराने कायमची अधू झाली. जहाजाची नोकरी संपली.

मी काकांकडे गेले. "आदल्या दिवशी चढले असते तर नितीन आज धडधाकट असता."

"हो," काका म्हणाले. सबब नाही, सांत्वन नाही. "राग धर. चालेल मला."

मी चांगला वर्षभर धरला. नितीन दर रविवारी डोंबिवलीहून त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला यायचा, तेव्हा मी दार लावून घ्यायचे. मग काका आजारी पडले. त्यांचा डबा मीच द्यायला लागले; राग गेला म्हणून नव्हे, शेजारी मीच होते म्हणून. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

मागच्या महिन्यात तो कुक नितीनला भेटायला आला. दोघे जेवायला माझ्याकडे. कुकच्या मांडीवर त्याची वर्षाची मुलगी. "ताई, आमटी एक नंबर. जहाजावर मला अशी कधी जमली नाही," म्हणत तो तिला वरणभात भरवत होता. नितीन म्हणाला, "म्हणून तर आम्ही सगळे बारीक होतो." हसणं थांबल्यावर मी कुकला आईने मागितलेल्या आणि काकांनी न केलेल्या फोनची गोष्ट सांगितली. त्याचा घास हातातच राहिला.

"कुठे राहतात ते?"

"शेजारीच राहायचे. आता घर बंद आहे."

तो उठला, हात धुतले, मुलीला कडेवर घेतलं आणि बाहेर जाऊन त्या कुलूपबंद दारासमोर उभा राहिला. नितीन त्याला बोलवायला निघाला. मी म्हटलं, "बस रे. येईल तो." आणि त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.