मधल्या चार ओळी

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या लायब्ररीत एक ज्यू आजोबा रोज माझ्यासमोर बसायचे. पुढ्यात एकच जाडजूड ग्रंथ. पानाच्या मधोमध मध्ययुगातल्या एका राब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, चार ओळींचा निवाडा, आणि भोवती नंतरच्या पंडितांनी बारीक अक्षरात घातलेला वाद. आजोबा तो वाद तळव्यानं झाकून फक्त मधलं वाचायचे. एकदा न राहवून मी विचारलंच.

"नवरा बेपत्ता असेल, तर तो मेल्याचा साक्षीदार हवा. त्याशिवाय बाईला दुसरं लग्न नाही. आल्झो, तर मग, राब्बी कठोर की दयाळू, यावर हे सगळे भांडतायत."

"तुम्हाला काय वाटतं?"

"नाझींनी वडिलांना नेलं, तेव्हा अख्खी गल्लीच नेली. साक्षीदार कुठून आणणार? तळघरात लपून वाचलेली माझी आई शेवटपर्यंत विधवासुद्धा झाली नाही."

मग त्यांनी ग्रंथ मिटला आणि रिवाजाप्रमाणे त्यावर ओठ टेकवले. मला ते बघवलं नाही.