बेटावरच्या बंगल्यातला धूर

अनय, ईशा, तापीतल्या बेटावरचा तो दगडी बंगला कोणाचा, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. आज उत्तर लिहिते, कारण शेजारी कापसाच्या काड्यांवर वांगी भाजताहेत आणि त्या वासाने मला थेट तिथे नेलं.

मी दहा वर्षांची असेन. माझे बाबा सरकारी ओव्हरसियर होते. इंग्रजांच्या काळातला तो बंगला रिकामा असेल, तर तो पाडून दगड पुलाच्या कामाला न्यायचे होते. तेच बघायला बाबा मला घेऊन होडीने निघाले. नावाडी सुकाभाऊ वाटेत सारखा सांगत होता, "कोनीच नही शे साहेब, बठ्ठं रिकामं शे." कोणी न विचारताच हा इतकं का सांगतो, असं मला वाटलं. दाराचं कुलूप गंजलेलं होतं, पण उंबरा ताजा सारवलेला होता. आतून धूर आणि भाजलेल्या वांग्यांचा वास येत होता. आत दरोडेखोरच असणार, म्हणून मी बाबांचा हात घट्ट धरला.

मागच्या दाराने एक म्हातारी बाहेर आली.

"माय, तुले लपीसन ऱ्हाय सांगं व्हतं ना!" सुकाभाऊ कळवळला.

पुरात झोपडी वाहून गेल्यापासून त्याची आई तिथेच राहत होती. ती बाबांना म्हणाली, "घर पाडनं व्हई ते पाडा साहेब. पन आधी जेवी ल्या. नुसता वास लिसन पोट भरस का?"

बाबा जेवले, आणि बंगल्यात माणूस राहतं असं त्यांनी वर कळवलं. मग पाडायचं राहिलं. सुकाभाऊला मी लबाड समजले होते. तो फक्त घाबरला होता, हे आज कळतं.

म्हातारी शेवटपर्यंत तिथेच राहिली. आता बंगल्याचं छप्पर गेलं आहे, पण भिंती उभ्या आहेत. कोणाचा म्हणाल, तर मी तिचाच म्हणेन.