धुराडं पेटलं ती दुपार

सासूबाईंचं आणि माझं फारसं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण विस्तव त्यांच्या शब्दाबाहेर नाही, हेही कबूल करायला हवं. आमची चूल म्हणजे दार असलेली लोखंडी पेटी. तिचं धुराडं माडीवरच्या मामंजींच्या खोलीतून छपराबाहेर जातं. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून मामंजी खाटेवरच असतात, आणि त्यांची सगळी ऊब त्या धुराड्याची.

सासूबाई लाकडावर लाकूड आपटून बघतात. खणखणीत वाजलं तर चुलीत, बद्द वाजलं तर परत उन्हात. आधी काटक्या, मग फाटे, ओंडका सर्वांत शेवटी. हवेची झडप त्या इतकी नेमकी सरकवतात, की ज्योत नाचते आणि धूर दिसत नाही. मी बघतच राहते.

"लाकडांची मुलाखत घेते बाई!" मामंजी वरून ओरडतात. ते सुतार होते. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं, आणि ते ऐकवायची एकही संधी ते सोडत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या आणि चूल माझ्या दिरांच्या ताब्यात आली. त्यांनी ओली लाकडं कोंबली. लवकर संपू नयेत म्हणून झडप जवळजवळ मिटून ठेवली. हुशारी नुसती उतू जात होती! चूल दिवसभर धुमसायची आणि धुराड्यात आतून काजळीचे थर चढायचे.

सासूबाई परतल्या त्या दुपारी दारात चपला काढतानाच थबकल्या. इंजिन चालू ठेवून ट्रक उभा असावा तसं धुराडं घुमत होतं.

"काजळी पेटलीय. ह्यांना बाहेर न्या. अग्निशामक दलाला फोन लाव."

दीर बादली घेऊन धावले. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "पाणी नको! तापलेलं लोखंड तडकेल." मग त्यांनी चुलीचं दार घट्ट लावलं आणि झडप पूर्ण बंद केली.

आम्ही मामंजींना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट अंगणात आणलं. वर धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा भसाभस निघत होत्या. सासूबाई मात्र बाहेर येईनात. खिडकीतून दिसल्या: माडीवर, धुराड्याजवळच्या फळ्या तापल्यात का ते हाताची पालथी बाजू लावून बघत, कान टवकारून उभ्या.

"अगं, जळू दे घर! दुसरं बांधीन मी! तू खाली ये!" मामंजी जीव तोडून ओरडले.

"ओरडू नका हो! आवाज ऐकू द्या मला."

घुमणं हळूहळू उतरलं. ज्वाळा आत गेल्या. बंब आला तेव्हा सासूबाई जिना उतरत होत्या. जवानांनी सगळं तपासलं आणि धुराडं साफ केल्याशिवाय चूल पेटवू नका, म्हणून बजावलं. सासूबाईंनी मान हलवली. मग त्या मामंजींच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या.

"घर काय एवढं सोन्याचं होतं?" मामंजींनी विचारलं.

सासूबाईंनी त्यांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"दुसरं कशाने बांधणार होता?" त्या म्हणाल्या, आणि दोघंही रडायला लागले.