बीटमधली रिकामी जागा

रॅपला मी पहिल्यापासून बडबड म्हणत आलो. आमच्याकडं तो लग्नातल्या डीजेवरून आला. महागड्या गाड्या, बाटल्या, पोरी. हिंदी-पंजाबीतलं काहीतरी भरधाव, आणि त्यावर घामाघूम नाचणारी आमची पोरं.

मुलगी अकरावीत गेली तेव्हा तिच्या मोबाइलमधून वेगळंच ऐकू यायला लागलं. ठेका तोच, पण बोल 'आमी', 'तुमी', 'न्हाई'. कुणी गल्लीतल्या नळाबद्दल बोलत होतं, कुणी बापाच्या वीटभट्टीबद्दल. ज्या बोलीवरून मी तिला लहानपणी चारचौघांत टोकलं, तीच ती आता कानात घालून बसायची.

टोकायला कारण होतं. परभणीत खोली घेताना मी घरमालकिणीला दुसरंच आडनाव सांगितलं होतं. खरं सांगून आधीच काही दारांवरून परत आलो होतो. एवढ्याशा पोरीकडून ते खोटं आडनाव मी पाठ करून घेतलं. शाळेत खरं, जिन्यात खोटं. ती कधी चुकली नाही.

पोखर्णीच्या रस्त्याला आमचं गाव. जयंतीला दरवर्षी जायचो. वस्तीची रीत अशी, की बाहेरची गायन पार्टी स्टेजवर चढायच्या आधी माइक आपल्या पोरांना द्यायचा. मिक्सरवर मी. तरुणपणी गायन पार्टीत साउंड सांभाळायचो, म्हणून तो मान माझा. शिवाय शहरातला नोकरदार म्हणून आधी भाषणही माझंच. ती अकरावीत होती त्या वर्षीही भाषण झालं. ताठ मानेनं जगा, म्हणालो. टाळ्या पडल्या.

मुलगी मिक्सरजवळ आली. "पप्पा, यंदा मी रॅप करायलेय. आवाज वर ठेवा बरं का."

"गाडी-बाटलीचं न्हाई ना?"

"न्हाई ओ. आपलंच हाय."

सुरुवात अशी केली की म्हाताऱ्या बायाही माना हलवायला लागल्या. मग ओळ आली, 'शाळेत एक आडनाव, जिन्यात...' आणि मी तिच्या माइकचा आवाज खाली ओढला. पुढं काय येणार ते मला माहीत होतं. समोर बसलेल्यांनी आत्ताच माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

बीट चालूच होता. ती म्हणत राहिली. निळ्या पताकांखाली तिचं तोंड हलत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय झालं ओ दादा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"वायर लूज हाय," मी म्हणालो, आणि वाकून धडधाकट वायर हलवली.

खाली उतरल्यावर तिनं ती वायर हातात घेतली, बघितली, जागेवर ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. पोरं तिला बरेच दिवस 'लूज वायर' म्हणून चिडवायची. ती हसून घ्यायची. मी ऐकून घ्यायचो.

आता ती पुण्यात असते. फोन आईला करते. माझ्यापर्यंत 'जेवलात का' एवढंच येतं. ऑफिसात काचेपलीकडं कुणी बोलताना दिसलं आणि आवाज पोचला नाही, की मी अजूनही खुर्चीवरून उठतो.

मागच्या वर्षी तिनं तेच गाणं रेकॉर्ड करून नेटवर सोडलं. सगळं आहे, फक्त मी आवाज ओढला त्या ठिकाणी बोल नाहीत. 'इथं तुमचं तुमी भरा,' म्हणते, आणि नुसता बीट वाजतो.

वस्तीतल्या पोरांना त्याचं वेडच लागलं. यंदा जयंतीला गेलो तर समाजमंदिराच्या पायरीवर तेच चालू. एक पोरगी म्हणाली, 'मैत्रिणीला पत्ता सांगते चौकापत्तर.' एक पोरगं म्हणालं, 'मेसवाल्याला गाव सांगतो, वस्ती न्हाई.' कुणी न सांगता सगळे तिथं आपापलं लपवलेलंच भरत होते.

मला बघून त्या पोरानं रेकॉर्डिंग चालू ठेवून मोबाइल पुढं केला. "काका, तुमी बी भरा की! लय सोपं हाय."

ती जागा आली.

"वायर लूज नव्हती," मी म्हणालो.

पोरं खिदळली. "बीटात बसंना, काका. परत म्हणा."

"वायर लूज नव्हती. तिचा आवाज मी खाली ओढला होता."

पोराचा अंगठा रेकॉर्डिंग बंद करायला गेला आणि तिथंच थांबला.

"पुसू का, काका?"

"न्हाई," मी म्हणालो. "पाठव तिला."