दरेकशाच्या फलाटावर

साताऱ्यात गाडीत बसलं की मध्ये कुठंही न बदलता थेट गोंदियाला उतरता येतं, हे तिकीट काढेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मी वकील आहे. दत्तक आणि प्रतिपालकत्व (मूल दत्तक न देता काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) यांचा कायदा अंगणवाडी सेविकांना, बालगृहाच्या कर्मचाऱ्यांना आणि नर्सना समजावून सांगणं, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. त्यासाठी बरेच जिल्हे पालथे घातले, पण गोंदिया राहूनच गेला होता.

नागपूर मागं पडलं आणि खिडकीबाहेरचा रंग बदलला. कापणी झालेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), त्यात मध्येच उन्हाळी धानाचे कोवळे हिरवे तुकडे, प्रत्येक गावाशेजारी तळं. समोर बसलेल्या आजोबांना मी विचारलं, "इथं तळी फार दिसतात, नाही?"

"तळे नाही तर धान कसे होतील, बाई?" ते म्हणाले आणि पुन्हा पेंगायला लागले.

गोंदिया स्टेशनवर रेखाताई घ्यायला आल्या होत्या. त्या जिल्ह्यात बाल संरक्षणाचं काम पाहतात. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, आणि एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी बोलणाऱ्या. स्टेशनबाहेर त्यांनी मला चना-पोहा खायला घातला. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसा त्यांचा ड्रायव्हर साहू हसला. "मैडम, ये तो बच्चों वाला है."

पहिला दिवस चांगला गेला. मूल परस्पर कुणाला देता येत नाही, ते आधी बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात, हे सगळं फळ्यावर लिहून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांच्या तस्करीबद्दल बोलले. एकदा मूल राज्याच्या हद्दीबाहेर गेलं की शोध किती अवघड होतो, ते मी जरा रंगवूनच सांगितलं. मागच्या रांगेतली एक सेविका लिहायची थांबली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती माझ्याकडं नुसती पाहत होती.

चहाच्या सुट्टीत ती जवळ आली. तिचं नाव सुनंदाबाई, सालेकसा तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावातली.

"मॅडम, बॉन्डपेपरवर लिहून देलं, आंगठा झाला, तर लेकरू त्यायचं होते का?"

"नाही होत. कुणी दिलं लिहून?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "आमच्या गावातली पोरगी आहे. मायबाप दोघंही मेले. काकाजवळ राह्यते. एक नवरा-बायको आले होते, लेकरू नाही म्हनत. काकानं लिहून देलं."

"कधी नेणार आहेत?"

"आजच घेऊन जाऊन राहिले ना. कचारगडले पाया पडतीन आन् तिकडूनच गाडीत बसतीन."

मी कप खाली ठेवला आणि रेखाताईंना बोलावून सगळं सांगितलं. रेखाताईंनी विचारलं, "आत्तापर्यंत काऊन नाही सांगितलं, सुनंदा?"

"मले त्याच गावात राहा लागते, ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मुलीचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, गावाचंही नाही. कायद्यानं तशी मनाई आहे. तिला फुला म्हणू. वय आठच्या आसपास.

पुढच्या काही मिनिटांत आम्ही जीपमध्ये होतो. साहू पुढं, त्याच्या शेजारी रेखाताई दोन्ही कानांना दोन फोन लावून, मागं मी आणि सुनंदाबाई. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. दोन घट्ट वेण्या, पुढचा दात पडलेला, हातात अंगणवाडीची पाटी. "आता दुसरीत आहे. तरी माझ्याजवळ येऊन बसते," ती म्हणाली.

आमगाव ओलांडलं आणि रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी चालली होती. डबे संपता संपेनात. मी आयुष्यात शेकडो फाटकांवर थांबले असेन, पण त्या दिवशी प्रत्येक डबा माझ्या छातीवरून जात होता. साहू स्टिअरिंगवर बोटं आपटत म्हणाला, "इसी लाइन से जाएंगे वो लोग. दरेकसा के बाद बोगदा, और बोगदे के आगे छत्तीसगड." त्याला माहिती द्यायची होती. मला मात्र त्या बोगद्याचं काळं तोंड तिथूनच दिसायला लागलं.

सालेकसा गेलं आणि जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलं. सुंदर असणार ते. मोहाची पानगळ सुरू झाली होती, डोंगर निळसर दिसत होते, आणि एरवी मी जीप थांबवून फोटो काढले असते. आता फक्त वळणं मोजावीशी वाटत होती. रेखाताईंचे दोन्ही फोन बंद पडले. रेंज गेली. रेल्वे पोलिसांना निरोप पोचला होता की नाही, त्यांना खात्री नव्हती.

माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा होती. गुहेतल्या देवस्थानाला गोंड समाजाची माणसं दूरदूरच्या राज्यांतून येतात, हे मी ऐकलं होतं. आता ती गर्दी प्रत्यक्ष समोर होती. पिवळे झेंडे, पिवळे दुपट्टे, डोंगराकडं जाणारी आणि परतणारी माणसंच माणसं. ढोल वाजत होते. भेटेल तो दुसऱ्याला "जय सेवा" म्हणत होता. कडेवर लेकरं, खांद्यावर लेकरं, हाताला धरलेली लेकरं. एवढ्यांतून एक कशी शोधायची?

फुलाचा काका मात्र लवकर सापडला. भाताच्या पंगतीत बसला होता. सुनंदाबाईला पाहताच तो उठला.

"तू आणलीस यायले? माह्या भावाची पोरगी आहे. मी देलो. तुमी कोन विचारनारे?"

"काका, कागद करून मूल देता येत नाही," रेखाताई शांतपणे म्हणाल्या. "मुलगी कुठंय?"

"गेले ते टेशनवर. तिले इंग्रजी शाळेत टाकनार आहेत. मी काय तिचं वाईट करून राहिलो का? घरात माहेच चार आहेत."

"त्यांचं गाव कोणतं?" मी विचारलं.

"रायपूरच्या तिकडं."

"तिकडं म्हणजे कुठं? घर पाहिलंत? कुणी ओळखीचं?"

तो बोलायला गेला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला आणि त्याखाली जे दिसलं ते माझ्या चेहऱ्यावरही असणार. हात न धुताच तो आमच्या जीपमध्ये येऊन बसला.

दरेकसा हे एरवी डोंगराच्या कुशीतलं मुकाट स्टेशन असावं. त्या दुपारी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी यायचीच होती. साहूला जीपजवळ ठेवून आम्ही चौघं चार दिशांना पांगलो. मी गर्दीतून वाट काढत होते आणि मला एकाएकी दोन घट्ट वेण्या दिसल्या, नवा फ्रॉक, तेवढंच वय. मी धावत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला वळवलं.

ती फुला नव्हती. ती जोरात किंचाळली.

तिच्या आईनं मला ढकललं. "कोन आहेस तू? माह्या पोरीले काऊन धरलीस?"

"चुकलं माझं. मी दुसऱ्या एका मुलीला शोधत होते," मी म्हणाले. माझी साताऱ्याची बोली, खांद्यावरची पर्स, एकटी बाई. मागून कुणीतरी ओरडलं, "लेकरं चोरनारी आहे!"

तो शब्द फलाटावर कसा पसरला, ते मी पाहिलं. माणसं माझ्याकडं वळली. एका हातानं माझा दंड पकडला, दुसऱ्यानं पर्स ओढली. मी ओळखपत्र शोधत होते आणि पर्सच माझ्याकडं नव्हती. मी काय बोलत होते, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की चोहोबाजूंनी चेहरे आले होते आणि त्यांतला एकही वाईट माणसाचा नव्हता. त्यांना त्यांच्या लेकरांची भीती वाटत होती. मी खरंच मुलं पळवणारी असते, तरी अशीच दिसले असते.

सुनंदाबाई गर्दी फोडून आत आली. जी बाई सकाळी पदर बोटाला गुंडाळत होती, तिनं माझ्यापुढं हात आडवे धरले आणि गोंडीत काहीतरी मोठ्यानं सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही. बोलताना तिनं मोबाइलवरचा फोटो उंच धरला होता. दंडावरची पकड सुटली. पिवळा फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं तो फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि वळून बाकीच्यांना चार शब्द सांगितले. माझी पर्स परत आली. जिला मी घाबरवलं होतं, त्या मुलीची आई म्हणाली, "कोन्ती पोरगी हरवली? नाव सांगा."

तेवढ्यात गाडी आली.

पुढचं सगळं एकदम घडलं. लोक डब्यांत घुसत होते, आणि त्याच वेळी फलाटभर फुलाच्या नावाच्या हाका उठायला लागल्या. आधी सुनंदाबाईची, मग त्या आईची, मग बायकांची, पोरांची, म्हाताऱ्यांची. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ती माणसं खिडक्यांशी तोंड नेऊन तिचं नाव घेत होती. गाडीनं शिट्टी दिली. रेखाताई एका डब्याच्या पायरीवर उभ्या राहून गार्डला हात करत होत्या. मला बोगदा दिसत नव्हता, पण तो कुठं आहे ते ठाऊक होतं.

मधल्या एका डब्यातून बारीक आवाज आला, "ओ बाई!"

सुनंदाबाई धावली. खिडकीच्या गजांतून दोन हात बाहेर आले होते.

निरोप पोचला होता. रेल्वे पोलिसांचा एक जवान उशिरा का होईना आला, त्यानं गाडी थोपवून धरली आणि तिघांना खाली उतरवलं. बायको तिशी-पस्तिशीची, डोक्यावर पदर, हातात पुरीभाजीचा डबा. "दीदी, हमने चोरी नहीं की," ती म्हणाली. "कागज बनवाया है. हमारा कोई नहीं है." ती खरंच रडत होती. फुलानं तिचा पदर घट्ट धरला होता. मी जवळ गेले तर ती तिच्या मागं सरकली.

"मी काई केलो का?" फुलानं सुनंदाबाईला विचारलं.

काका थोडा दूर उभा होता, जमिनीकडं पाहत.

संध्याकाळी आमच्याच जीपमधून तिला गोंदियात बालकल्याण समितीसमोर नेलं. समितीच्या बाई खुर्चीवरून उठून तिच्याजवळ खाली बसल्या, तिला बिस्किट दिलं आणि तिच्याशीच बोलल्या. चौकशी होईपर्यंत तिला बालगृहात ठेवायचं ठरलं. त्या जोडप्याचा जबाब पोलिसांनी घेतला. दत्तक हवं असेल तर नोंदणी कशी करायची, ते रेखाताईंनी त्या बाईला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. ऐकत होती की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाचा शेवटचा भाग उरकून मी परतीच्या गाडीत बसले. दंडावर बोटांचे वळ निळे पडले होते. घरी पोचेपर्यंत मी ते पदराखाली झाकून ठेवले.

ते जोडपं कोण होतं, हे आजही मला माहीत नाही. कागदावरच्या पत्त्यावर पोलीस गेले तेव्हा घराला कुलूप होतं. भाड्यानं राहायचे, गेले, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं. कदाचित शरमेनं गेले असतील. कदाचित नसतील. दोन्ही शक्यता घेऊन मी झोपते, आणि कोणत्या रात्री कोणती जास्त भिववेल याचा नेम नसतो. कायदा मी पूर्वी नियम म्हणून शिकवत असे. आता शिकवताना मला कळतं की तो मुळात या न कळण्यावरच उपाय म्हणून केलेला आहे. रडणारी बाई खरी की खोटी, हे फलाटावर उभं राहून कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून थांबायचं, विचारायचं, घर पाहून यायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर रेखाताईंचा फोन आला. सुनंदाबाईनं प्रतिपालक होण्यासाठी अर्ज केला होता. चौकशी झाली, समितीनं फुलालाही विचारलं, आणि फुला आता तिच्या घरी राहते. गावानं सुरुवातीला सुनंदाबाईशी बोलणं टाकलं होतं. काकाच पहिल्यांदा तिच्या अंगणात आला, फुलासाठी टेंभरं (जंगलातली गोड फळं) घेऊन.

"आणि फुला कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे," रेखाताई म्हणाल्या. "पहिल्या भेटीला गेले ना, तर जीपचा आवाज ऐकून ती धानाच्या कोठीमागं लपली. सुनंदानं किती बोलावलं, बाहेरच येईना. मी निघून गेल्यावर आली म्हणे."

"मग आता?"

"आता मी जीप गावाबाहेर ठेवते. चालत जाते."